शकुनची बारी

माझ्या हातून आयुष्यात जी दोन-तीन पापं झाली, त्यातलं एक मी मुलींच्या वह्या तपासता तपासता केलं. मान वर करून शकुनकडे नीट बघितलं असतं तर ते टळलं असतं. पण नाही बघितलं. आता सांगते, ऐका. आणि मध्ये मध्ये बोलू नका, मला शाळेची सवय आहे.

मी वृंदा. जन्म कलकत्त्याचाच. आमचे आबा इथल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मीही मास्तरीणच झाले. लग्न केलं नाही, त्याची चौकशी नको. बेहालाच्या आमच्या गल्लीत मराठी घर एकच होतं, आमचं. एकोणपन्नास साली शेजारच्या घरात श्यामराव भामरे बिऱ्हाड घेऊन आले. खिदिरपूरच्या गोदीत कस्टमची नोकरी, बदली होऊन आलेले. सकाळी ट्रामने जायचे ते दिवेलागणीला परत. अगदी अबोल माणूस. घरातलं सगळं बोलणं बायकोच्या वाट्याला आलेलं, आणि तिने ते कधी कमी पडू दिलं नाही. तीच ही शकुन.

साक्रीकडची, पांझरेच्या काठची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की तिने स्वयंपाकघरातून श्यामरावांना हाक मारली की आमचे आबा ‘ओ’ द्यायचे. कशाचंही नवल वाटलं की ‘व माय!’ ट्रामला दार नसतं हे कळलं तेव्हा ‘व माय!’, आणि इथल्या बायका अख्खा मासा पदराआड धरून घरी नेतात ते पाहिलं तेव्हा तर तीन वेळा.

तिला बंगाली शिकवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इथे पाणी म्हणायचं नाही, जल म्हणायचं. तेही तोंड गोल करून, ‘जॉल’. शिकली. पण तिचा घात केला तो सारख्या शब्दांनी. कळशीला इथे कोलशी. बादलीला बालती. चुलीला चुलो. चार शब्द जुळले आणि बाईसाहेबांना वाटलं, किल्ली सापडली.

“काही कठीण नाही हो वृंदाताई,” ती म्हणाली, “आपलेच शब्द आहेत, फक्त तोंडात पानाचा तोबरा धरून बोलायचे.”

मी हसले. मास्तरणीने तिथे हसायचं नसतं, कान धरायचा असतो.

आता पाण्याचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा एक ट्यूबवेल होता, दांड्याने उपसायचा. पिण्याचं पाणी काय ते त्याचं. अंघोळ, धुणीभांडी पलीकडच्या तळ्यावर. बत्तीस घरांची गल्ली, भागत होतं. मग पन्नास साली पूर्व बंगालातून निर्वासित आले आणि तळ्यामागच्या पडीक जागेवर बांबूच्या तट्ट्यांची अडतीस घरं उभी राहिली. आम्ही त्याला कॉलनी म्हणायचो. नाव मोठं लक्षण खोटं, पण राहणाऱ्यांनी आपापल्या दारात झेंडूसुद्धा लावला होता.

एक्कावन्नच्या चैत्रात पंप कुरकुरायला लागला. सकाळी काही वेळ स्वच्छ पाणी यायचं, मग एकदम गढूळ, वाळूमिश्रित. दोन तास सोडला की पुन्हा बरं. गल्लीतली माणसं पंपाला जवळ. ती पहाटे उठून भरायची. कॉलनीतल्या बायका तळ्याला वळसा घालून येईपर्यंत वाळू सुरू झालेली. आणि आमच्या गल्लीत एकेका घरी चार-चार, पाच-पाच कळशा. खोटं कशाला बोलू, आमच्या घरी आबा आणि मी अशी दोन माणसं, आणि मी चार भरायचे. लागतात म्हणून नव्हे, मिळतात म्हणून.

कॉलनीत प्रेमलता नावाची एक बाई होती. माझ्याहून लहान, पण चेहरा पन्नाशीचा. आदल्या वर्षी, आल्या आल्या, पंपावर पाणी मिळालं नाही म्हणून तिने तळ्याचं पाणी मुलाला पाजलं. चार वर्षांचा मुलगा पटकीने दीड दिवसात गेला. आता तिच्या कडेवर पुष्पा होती, दीड वर्षाची, काडीसारखी. ती पोर कुठलं पाणी पिते, एवढ्यावरच त्या बाईचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

एका सकाळी पंपावर जुंपली. कळशा फुटल्या, कुणाचं तरी डोकं फुटलं, पोलीस आले. मग नगरपालिकेचे ओव्हरसियर चारुदत्तबाबू आले. सज्जन माणूस, पण उन्हाने आणि लोकांनी पिकलेला. म्हणाले, “पुढच्या बुधवारी येईन. तेव्हाही भांडण दिसलं तर दांडा काढतो आणि पंप ट्रामरस्त्यावर हलवतो. मग बसा.”

ट्रामरस्ता आमच्या गल्लीला लांब, कॉलनीला फारच लांब. आमच्यातले काहीजण पाणक्या लावू शकत होते. कॉलनीला उरणार होतं ते तळं. प्रेमलता तिथेच उभी होती. तिने पुष्पाचं तोंड पदराने झाकून घेतलं, जणू ओव्हरसियरचे शब्दच पोरीच्या पोटात जातील.

शकुन घरी आली ती धुमसतच.

“पाण्यावरून डोकी फोडता? आणि शिकलेली माणसं म्हणे! माझे वडील पाटकरी होते, वृंदाताई. बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी जाईल, ते बघायचे. शंभर शेतकरी, एक पाट. उन्हाळ्यात करंगळीएवढी धार. पण बारी ठरलेली म्हणजे ठरलेली. पाटलाची असो की म्हाताऱ्या बाईची.”

बारी म्हणजे पाळी. पाण्याची पाळी. तिच्या तोंडी तो शब्द देवाच्या नावासारखा यायचा.

दुसऱ्या दिवसापासून ती पंपाजवळ पाट मांडून बसली. मांडीवर वाटीभर चिंचोके. एक कळशी भरली की एक चिंचोका इकडून तिकडे. लोकांना वाटलं, मराठीण उन्हाने बिघडली. तीन दिवस मोजलं. रोज एकशे चाळिसाच्या आसपास वाळू सुरू. दोन तास विश्रांती दिली की आणखी सत्तर.

“सत्तर घरं,” ती माझ्यासमोर चिंचोके पसरून म्हणाली. “सकाळी दोन कळशा, दुपारी एक. पिण्या-रांधण्याला पुरे. आहे की नाही? पाणी कमी नाहीच, माणसं कमी पडतात. आणि आणखी एक बघितलं का? तळं आटतं तसा पंप लवकर गढुळतो. म्हणजे दोघांची पोटं आतून जोडलेली. आणि तळ्यात पावसाचं पाणी आणणारा तो रस्त्याकडचा नाला, तो तर नारळाच्या करवंट्यांनी बुजलाय. तो उघडला पाहिजे. पण ते पुढचं. आधी बारी. पहिली बारी कॉलनीची.”

“कॉलनीची का?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

“टोकाला असतो त्याची बारी आधी. आमच्या गावचा नियम. टोकाच्याला पाणी मिळालं की तो चोरी करत नाही. आणि वरच्याची बारी मागून असली की तो पाट फुटू देत नाही, राखत बसतो.”

नियम सोन्यासारखा होता. पण माझा तिळपापड झाला. आम्ही तीन पिढ्या या शहरात, आणि कालपरवा आलेल्यांच्या मागे उभं राहायचं? असं मी बोलले. तोंडावर बोलले. ती गप्प झाली, आणि शकुन गप्प झाली की घर रिकामं वाटायचं.

रविवारी दुपारी तळ्याकाठच्या बकुळीखाली सगळ्यांना बोलवायचं तिने ठरवलं. सकाळी आली.

“तुम्ही येणार ना? तुम्ही बंगालीत सांगा, मी नुसती उभी राहते.”

“मला वह्या आहेत.”

“बरं. मग ‘सोडणे’ला काय म्हणतात तेवढं सांगा.”

“छाडा,” मी म्हटलं. “सोडा म्हणायचं असेल तर छाडो.” लाल पेन्सिल हातात, मान खाली.

“आणि तुम्ही लोक म्हणजे तोमरा. आधी म्हणजे आगे. झालं की मग! बाकीचं येतं मला.”

बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. हेच ते पाप.

दुपारी काय झालं ते मला नंतर कळलं. कॉलनीतल्या बायका वेळेवर येऊन पुढे बसल्या होत्या. गल्लीतले पुरुष उशिरा आले, मागे उभे राहिले, हाताची घडी घालून. शकुनने चिंचोके दाखवले, बोटांनी सत्तर घरं मोजून दाखवली, सगळ्यांना कळलं, माना डोलल्या. मग तिला मागच्या गल्लीवाल्यांना सांगायचं होतं की, बाबांनो, पहिली बारी तुम्ही सोडा. तिने पुढच्यांच्या डोक्यावरून बोट रोखलं आणि त्या आवाजात म्हणाली, “तोमरा आगे बारी छाडो!”

आता ऐका. घराला बंगालीत ‘बाडी’ म्हणतात. कलकत्त्याची माणसं त्यातला ‘ड’ जिभेवर लोळवतात. पण पूर्व बंगालातून आलेल्यांच्या जिभेवर त्याचा सरळ ‘र’ होतो. बारी. घर म्हणजे बारी. शकुन म्हणाली, आधी पाळी सोडा. समोर बसलेल्यांनी ऐकलं, आधी तुम्ही घरं सोडा.

सोडून आलेल्या माणसांना! आपल्याकडे एकीने ध चा मा केला म्हणून किती काळ बोलतात. इथे तर एक अक्षर न बदलता आक्रीत घडलं. आणि मागून आमच्याच गल्लीतला कुणी शहाणा ‘ठीक, ठीक!’ म्हणून टाळ्या वाजवून मोकळा झाला.

प्रेमलता उठली. शकुनच्या समोर आली. ओरडली नाही. “आर कॉतोबार?” एवढंच म्हणाली. आणखी किती वेळा? मग पोरीला कडेवर घेऊन निघाली, आणि तिच्यामागे सगळी कॉलनी उठून गेली.

शकुन तिन्हीसांजेला माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

“मी काय वाईट बोलले हो, वृंदाताई? पहिलं पाणी त्यांनाच द्या म्हटलं, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी घर पेटवायला आले होते.”

“काय म्हणालीस ते शब्दाशब्दाने सांग.”

तिने सांगितलं. मला आधी हसू फुटलं. देवा शपथ, फुटलं. आणि ते तोंडातून बाहेर पडायच्या आतच मी गिळलं. मी तिला अर्थ सांगितला. शकुन भिंतीला टेकून खाली बसली. ‘व माय’ सुद्धा म्हणाली नाही.

“मला एवढंच विचारायचं होतं की बारीला बारीच म्हणतात ना,” ती म्हणाली. “पण तुम्ही रागावलेल्या होतात. म्हटलं, हिंदीतही बारीच आहे, इथेही असेल.”

एखादीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी कॉलनीतले पुरुष पंपाला वेढा घालून बसले. आम्हाला हाकलणार? मग पाणी कुणालाच नाही. गल्लीतलेही बाह्या सारून उभे. बुधवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती, दांडा तेव्हाच गेल्यात जमा होता. मी शाळेत निरोप धाडला, बरं नाही म्हणून. शकुनने घरातली आदल्या दिवशीची उरलेली एकुलती एक कळशी उचलली.

“ही नेली तर तुम्ही काय पिणार?” मी विचारलं.

“आमचं बघू.”

तळ्याला वळसा घालून आम्ही दोघी कॉलनीत गेलो. मी त्या वाटेने पहिल्यांदाच जात होते, आणि त्या बायका रोज भरल्या कळशा घेऊन ती वाट तुडवत होत्या. प्रेमलता दारात बसली होती. पुढ्यात तळ्याचं पाणी, आणि ती ते जुन्या साडीच्या चौपदरी फडक्यातून गाळत होती. एकदा गाळून झालं, पुन्हा गाळत होती. पुष्पा वाटीकडे हात करून रडत होती. पण प्रेमलता वाटी पोरीच्या तोंडाशी नेत नव्हती.

शकुनने पुढे होऊन वाटीवर आपला पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने कळशी खाली टेकवली. “जॉल,” म्हणाली. “कॉलेर जॉल.” नळाचं. पंपाला ती नळच म्हणायची.

प्रेमलताने कळशीकडे बघितलं, मग शकुनकडे. “एवढं पाणी पिऊन मग घर सोडायचं का?” तिने विचारलं. पण बोलता बोलता तिने वाटी पालथी केली आणि कळशीतलं पाणी घेऊन पोरीला पाजलं. आई होती ती. मान-अपमान नंतर.

मी सांगायला लागले. आमच्या भाषेत बारी म्हणजे पालाऽ, पाळी. हिचे वडील शेतांना पाण्याच्या पाळ्या लावून द्यायचे. हिला म्हणायचं होतं की पहिली पाळी सोडा, तुमच्यासाठी. तोवर आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या.

“कुणी सोडा?” प्रेमलताने विचारलं.

“मागे उभे होते त्यांनी. गल्लीवाल्यांनी.”

“म्हणजे तुम्ही.” ती माझ्याकडे रोखून बघत होती. “तुम्हाला ओळखते मी. चार कळशा नेता रोज. घरात माणसं किती?”

माझ्या कानशिलांत आग पेटली. वर्गात पन्नास मुलींना प्रश्न विचारून रडवणारी मी, आणि आता उत्तर द्यायची पाळी माझी.

“दोन,” म्हटलं.

पुष्पा गटागटा पाणी पीत होती, तेवढा आवाज.

मग मी ते वाक्य म्हटलं. शकुनच्याच शब्दांत म्हटलं, मुद्दाम. “आमि बारी छाडलाम.”

मागून एक बोळकी म्हातारी म्हणाली, “घर सोडलंस? अगो बाई! मग राहणार कुठे? ये, आमच्या रांगेत तट्ट्यांचं आणखी एक घर बांधू!”

पहिली हसली ती प्रेमलता. तिलाच नवल वाटलं असावं, कारण तोंडावर हात ठेवला तिने. मग सगळ्या हसल्या. शकुनला म्हातारीचं वाक्य अर्धं कळलं, अर्धं नाही, पण ती सगळ्यांत मोठ्याने हसली आणि हसता हसता ढसाढसा रडली.

तिथून आम्ही सगळ्या मिळून पंपावर गेलो. कॉलनीतल्या बायकांनी आपले पुरुष उठवले. गल्लीतल्यांना उठवायचं काम मी केलं. तीस वर्षं त्यांची भाषा बोलत होते, त्या दिवशी ती पूर्ण वापरली. “प्रेमलतादी पहिली,” मी म्हटलं, “आणि माझी बारी शेवटी, सत्तरावी. ज्याला माझ्याआधी घुसायचं असेल त्याने समोर येऊन सांगावं, त्याच्या घरात माणसं किती आणि कळशा किती.” कुणी आलं नाही. आपलं झाकलेलं प्रत्येकाला माहीत असतं.

बुधवारी चारुदत्तबाबू पाना घेऊनच आले. पंपावर रांग. शकुन पाटावर, मांडीवर चिंचोके. कॉलनीच्या अडतीस झाल्या, मग गल्ली. बाबू अर्धा तास उभे राहिले, एकशे चाळिसावी कळशी माझी भरली, आणि शकुनने दांड्याला दोरी बांधून पंपाला विश्रांती दिली.

“हे कुणी ठरवलं?” त्यांनी विचारलं.

“बारीदी,” बायका म्हणाल्या. तेव्हापासून ती बारीदीच झाली. बाबूंनी पाना पिशवीत टाकला. शकुनने त्यांना तसंच जाऊ दिलं नाही, हाताला धरून रस्त्याकडचा बुजलेला नाला दाखवायला नेलं. पाऊस लागायच्या आत त्यांनी फावडी दिली, माणसं आम्ही दिली. गल्लीतला टाळ्या वाजवणाराही आला होता करवंट्या उपसायला. मी त्याच्याकडून दोन पाट्या जास्तच भरून घेतल्या. त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं, आणि पुढच्या चैत्रात पंप दीडशे कळशांपर्यंत गढुळला नाही. वरच्या दहा कळशांचं काय करायचं, यावर तेवढं एकदा भांडण झालं. ते मात्र मजेचं होतं.

छप्पन साली श्यामरावांची बदली झाली. निघायच्या सकाळी सामान हातगाडीवर, आणि प्रेमलता आली, कमरेवर भरलेली कळशी. पहिल्या बारीची. पाच वर्षांत तिने ती कुणाला दिली नव्हती. कळशी शकुनच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“तुमि बारी छेडो ना,” म्हणाली.

घर सोडू नकोस, की बारी सोडू नकोस? मी बाजूलाच होते. शकुनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला आता दुभाषी लागत नव्हती.

आता पंपाजवळ पत्र्याची पाटी आहे, बंगालीत. सत्तर घरांची नावं, क्रमाने. शकुनच्या जागी आलेल्या भाडेकरूंना नवा नंबर मिळाला, एकाहत्तरावा. तिची ओळ प्रेमलताने पुसू दिली नाही. तिथे अजून लिहिलंय, ‘शकुनदीर बारी’. ज्या घरात आजारपण असेल, बाळंतपण असेल, त्या घराला त्या ओळीच्या दोन कळशा जास्त.

गेल्या महिन्यात गल्लीत एक मराठी बिऱ्हाड आलं. बँकेतले आहेत. त्यांची उज्ज्वला पहिल्यांदा पंपावर आली तेव्हा तिच्यासाठी मी पाटी वाचून दाखवली. “शकुनदी म्हणजे आपल्यातल्याच का?” तिने हरखून विचारलं. “त्यांचं घर कुठलं हो?”

पंपाचा दांडा प्रेमलताची पुष्पा मारत होती. नऊ वर्षांची आहे आता, उंच होणार असं दिसतंय, आणि दात पडलेले असले तरी तोंड बंद ठेवायची नाही. तिला ‘शकुनदी’ आणि ‘घर’ एवढं बरोबर कळलं.

“ओइटा बारी ना गो काकीमा,” ती म्हणाली, “ओइटा बारी!”

ते बारी नव्हे, ते बारी! उज्ज्वला गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या काखेत वह्यांचा गठ्ठा होता. तो मी खाली ठेवला, आणि तिला अर्थ नीट सांगितला.